जिक्राच्या फॉर्मवरचा शेवटचा चौकोन

दोहा,
शनिवार, १८ मे २००२

आबिदास,

सलाम. हे पत्र तू स्वतः फोडशील की फुजैलच्या हातात देऊन "बघ रे, काय म्हणतोय" म्हणशील, ते मला ठाऊक नाही. आई गेल्याला अकरा वर्षं झाली. दर ईदेला मी पत्र घालतो आणि तुझ्याकडून उत्तर म्हणून गप्प राहणं येतं. तेही अगदी वेळेवर. पण आज ईद नाही. हे कामाचं पत्र आहे, म्हणून आडवळण न घेता विचारतो. माझ्या नातीचं, जिक्राचं, तुम्ही सगळ्यांनी मिळून काय चालवलंय?

मला कसं कळलं ते सांगतो. गावात सगळे समजतात वलीभाई इंग्रजी शाळेत मास्तर आहे. मीही तसं समजू दिलं, आता साठीला टेकल्यावर खोटं कशाला बोलू? मी पुस्तकांच्या स्टोअरला आहे. तेवीस लोखंडी रॅक, एक काउंटर, एक स्टूल आणि मी. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकं द्यायची, शेवटी परत घ्यायची. प्रत्येक पुस्तकात आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर कोणत्या वर्षी कुणी नेलं ते नाव. मी शिकलो चौथीपर्यंत, पण या रॅकांनी मला जे शिकवलं ते कुठल्या मास्तरानं शिकवलं नसतं. दाराजवळ छोट्यांची चित्रांची पुस्तकं आणि जसजसं आत जावं तसतशी जाड, बारीक अक्षराची. शेवटच्या दोन रॅका सिक्स्थ फॉर्मच्या. म्हणजे शाळेतली शेवटची दोन वर्षं, आपल्याकडे ज्याला कॉलेज म्हणतात ती. तिथं पोचलेली पोरं युनिफॉर्मवर स्वेटर बांधून हिंडतात आणि मला "मिस्टर वली" म्हणतात.

इथं शाळांच्या तीन तऱ्हा आहेत. इथल्या सरकारी शाळेत सहा वर्षं, मग तीन, मग तीन. आपल्या इंडियन शाळांत पहिली ते बारावी, सगळी एकाच छपराखाली. आणि आमची इंग्रजांची, तिची गणती निराळीच. जिक्रा माझ्या नोकरीच्या सवलतीवर इथं शिकली. तिचा बाप, माझा रमीज, मेसईदच्या कारखान्यात, तिथल्या कंपनीच्या घरातून ती रोज बसनं येते. पाच वर्षांची असल्यापासून प्रत्येक वर्षाची पुस्तकं तिनं माझ्या काउंटरवरून उचलली. आता फक्त शेवटच्या दोन रॅका राहिल्या होत्या.

गेल्या बुधवारी ऑफिसातून पुढच्या वर्षाच्या सिक्स्थ फॉर्मची यादी आली, किती पुस्तकं मागवायची ते ठरवायला. एकोणतीस नावं. मी चष्मा पुसून तीनदा वाचली. जिक्राचं नाव नाही.

ऑफिसातल्या कॅरिनाला विचारलं. ती वसईची, आमच्याशी मराठीत बोलते. म्हणाली, "अंकल, मी फक्त टाइप करते." टाइप करणारी माणसं खोटं बोलताना कीबोर्डकडे बघतात, आबिदा. ती कीबोर्डकडे बघत होती.

शुक्रवारी मेसईदला गेलो. रमीज म्हणाला, "अजून ठरलं नाही बाबा." सूनबाई साजिदा उठून कुकर बघायला गेली. कुकर तर गॅसवर नव्हताच.

फेब्रुवारीत तुझा फुजैल व्हिजिटवर येऊन आठ दिवस राहून गेला. तेव्हापासून त्या घरात माझ्या पाठीमागे कुजबुज चालते. पाणी कुठं मुरतंय ते मला कळायला लागलंय. तू सांगितलंस तर बरं, नाही सांगितलंस तरी मी शोधीनच.

तुझा भाई,
वली

दोहा,
शुक्रवार, १४ जून २००२

आबिदास,

सलाम. उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं होतं, हे कबूल करतो.

या आठवड्यात गोष्ट पुढे सरकली. अकरा नंबरच्या वर्षाच्या, म्हणजे जिक्राच्या वर्गाच्या, परीक्षा चालू आहेत. पेपर संपेल तसं त्या विषयाचं पुस्तक पोरं आणून देतात. जिक्राही आणून देते. "घ्या दादा, हिस्टरी. खलास." मी विचारतो, "पुढच्या वर्षी कुठली घेणार?" ती म्हणते, "बघू ना." आणि पळते. सोळा वर्षांची पोर इतकी का पळते?

सोमवारी तिच्या नावाचा क्लिअरन्स फॉर्म माझ्या काउंटरवर आला. आमच्याकडची पद्धत अशी, की शाळा सोडणाऱ्या मुलाचा एक पिवळा कागद निघतो. त्यावर चार चौकोन. ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळाचं सामान आणि शेवटचा पाठ्यपुस्तकांचा, म्हणजे माझा. चारही चौकोनांत सह्या पडल्या की मगच हेडबाई शाळा सोडल्याचं सर्टिफिकेट देतात. तीन सह्या पडलेल्या होत्या. म्हणजे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, माझ्याच रॅकांना तेवढं नव्हतं.

आता मला दिसतंय ते मांडतो. खोटं असेल तर खोडून दाखव.

फुजैल चोवीस वर्षांचा. नोकरी लागलेली. त्याला इथं आठ दिवस फिरायला काय होतं? तो एकदा तरी कॉर्निशवर, समुद्राकाठी फिरायला गेला का? नाही. घरात बसून साजिदाच्या हातचे घावणे खाल्ले, जिक्राला "अभ्यास कसा चाललाय" विचारलं, आणि जाताना तिचे चार फोटो घेऊन गेला. हे मला साजिदाच्या धाकट्यानं सांगितलं, त्याला अजून खोटं बोलता येत नाही. चार फोटो, आबिदा! पोरीचे फोटो माणूस कशाला नेतो, हे मला शिकवू नकोस.

रमीजला फोन केला. म्हटलं, "पोरीला शाळेतून का काढतोस?"

"काढत नाही बाबा. पुढचं इथं नाही शिकायचं, एवढंच."

"मग कुठं शिकायचं?"

"तुम्ही सही करा ना आधी. मग निवांत बोलू."

आधी सही आणि मग निवांत बोलणं. अशा बोलण्यानं मी याआधी एकदा फसलोय, की फसवलंय, ते जाऊ दे.

मी सही केली नाही. तिच्याकडून जीवशास्त्राचं एक पुस्तक येणं आहे. ते आल्याशिवाय माझा चौकोन भरता येत नाही, तसा नियमच आहे. कॅरिनानं दोनदा येऊन विचारलं. "अंकल, आपलीच नात आहे, करा ना." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. घरचं कार्टं असलं म्हणून काय झालं?" ती माझ्याकडे जरा विचित्र बघून गेली.

दूध पिताना मांजर डोळे मिटतं, पण आजूबाजूचे मिटत नाहीत. सोळाव्या वर्षी पोरीला उचलून चिपळूणला न्यायची, दोन वर्षं तुझ्या हाताखाली ठेवायची, आणि मग फुजैलसाठी आयतीच. रीत जुनी आहे. तुझ्या बाबतीतही तीच झाली होती. म्हणून तर म्हणतो, तू तरी करू नकोस.

तुझा भाई,
वली

दोहा,
शुक्रवार, २१ जून २००२

आबिदास,

सलाम. आज नमाजाहून आलो आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसलो.

जहूर काल गावाहून परतला. तो आमच्या शाळेची मेसईदची बस चालवतो. त्याची सासुरवाडी तुझ्या गल्लीतली. मी सहज विचारलं, सहज म्हणजे किती सहज ते तू जाणतेस. तो म्हणाला, "आबिदाबुबूच्या घरी चार-पाच पोरी राहतात हो. कुणी दापोलीकडची, कुणी मंडणगडची. दर रविवारी बाया-बापे येतात, चहा होतो, बोलणी होतात, जातात." मी म्हटलं, "कसली बोलणी?" तो म्हणाला, "आता मी काय दाराला कान लावू काय, वलीभाई!"

म्हणजे तू सोयरिकी जुळवतेस. मला आता काही विचारायचं उरलं नाही, असं वाटून मी चहा अर्धा टाकला. पण मग रात्रभर तुझाच चेहरा दिसला, बारा वर्षांची असतानाचा. म्हणून जे छत्तीस वर्षं लिहिलं नाही ते लिहितो.

सासष्ट सालचा जून. बाबा नुकतेच गेलेले. मी मुंबईला गोदीत, आठ दिवसांच्या रजेवर आलो होतो. सातवीच्या फायनलला तू तालुक्यात तिसरी. हेडमास्तर ओटीवर येऊन बसले. म्हणाले, "मुकादम, हायस्कूल खाडीपलीकडे आहे, तरीनं जावं लागेल, पण पोर हुशार आहे. घालाच." मी म्हटलं, आई आजारी, घरी कोण? मला परत जायचंय. त्यांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही. पिशवीतून दाखल्याचा कागद काढला. पालकाची सही. मी केली. तुला पाणी भरायला पाच मिनिटं लागली असतील, तेवढ्यात उरकलं. तू हंडा घेऊन आलीस आणि विचारलंस, "गुरुजी का आले होते, भाई?" मी म्हटलं, "काही नाही."

तीन वर्षांनी तुझं लग्न. त्याही कागदावर माझीच सही.

आईच्या चाळिसाव्याला सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "भाईनं मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. आईसाठी हो म्हटलं असतं. पण विचारलं नाही." मी तेव्हा मशिदीच्या हिशेबाचं काहीतरी काढून उठून गेलो. त्या दिवसापासून तू पत्राचं उत्तर देत नाहीस. बरोबर आहे. तुझ्या जागी मी असतो तर सलामही घेतला नसता.

आता तूच सांग, ज्यानं एकदा अशी सही केली, त्यानं पुन्हा कशी करावी? माझ्या हातून एका पोरीची शाळा सुटली. दुसरीची सुटू देणार नाही. म्हणून तो पिवळा कागद खणात आहे, आणि खणाची किल्ली माझ्या खिशात.

आणखी एक गोष्ट लिहायची की नाही, याचा दोन दिवस विचार करतोय. जीवशास्त्राचं पुस्तक जिक्रानं परत केलं होतं. पहिल्यांदा तेच केलं. मी ते स्टुलाखाली ठेवलंय, खोक्यात, वर जुनी हजेरीपत्रकं टाकून. साजिदानं तिकडे घर उलटंपालटं केलं. गाद्या उसवून बघितल्या म्हणे. जिक्राला ओरडा बसला. रमीज म्हणाला, "पुस्तकाचे पैसे भरून टाकतो." मी म्हटलं, पैसे चालत नाहीत, पुस्तकच लागतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर आत्ता पुनवच आहे. पण पोरीचं भलं होत असेल तर हे एवढं पाप अल्ला माफ करील. तू करणार नाहीस, ते निराळं.

तुझा भाई,
वली

दोहा,
बुधवार, २६ जून २००२

आबिदा,

सलामही नीट सुचत नाही.

काल जिक्रा आली. शेवटचा पेपर देऊन, एकटीच. काउंटरवर कोपरं टेकून उभी राहिली. म्हणाली, "दादा, मी सगळीकडे शोधलं. लॉकरमध्ये, बसमध्ये, जहूरअंकलच्या सीटखाली. आय स्वेअर मी रिटर्न केलं होतं. तुम्ही शेल्फवर बघितलंत?"

मी म्हटलं, "बघितलं."

"मी बघू?"

आणि ती आत आली. लहानपणापासून येते, तिला कोण अडवणार? जीवशास्त्राची रॅक तिनं एकेक पुस्तक काढून बघितली. मी स्टुलावर बसून राहिलो. उठलो असतो तर खोकं दिसलं असतं, आणि बसून राहिलो म्हणूनच दिसलं. ती वळून म्हणाली, "दादा, तुम्ही एवढे सरळ का बसलात?" मग वाकली. हजेरीपत्रकं बाजूला केली. पुस्तक उघडलं. आतल्या चिठ्ठीवर शेवटचं नाव तिचंच, तिच्याच अक्षरात.

आबिदा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "मम्मीनं मला थप्पड मारली, या बुकसाठी."

मग मी बोललो. काय काय बोललो ते आठवत नाही. फुजैल, फोटो, तुझ्या घरी येणाऱ्या बाया-बापे, सगळं बाहेर आलं. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. आणि मग, अल्ला शपथ, हसायला लागली. डोळ्यांत पाणी आणि हसतेय.

"दादा! मॅरेज? विथ फुजैलभाई? ते घोरतात! आर यू मॅड?"

"मग चार फोटो कशाला?"

"पासपोर्ट साइज दादा! अ‍ॅडमिशन फॉर्मला!"

पासपोर्ट साइज. एकतीस वर्षं मी या देशात फॉर्म भरतोय, आबिदा. पासपोर्टच्या फोटोवर कुणी सोयरीक जुळवतं का, हा साधा प्रश्न मला पडला नाही.

तिनं सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं आपल्या बोलीत. तिला मासळीचं शास्त्र शिकायचंय. रत्नागिरीला त्याचं कॉलेज आहे, पण तिथं जायचं तर अकरावी-बारावी आपल्याकडे केलेली बरी, असं फुजैलनं चौकशी करून सांगितलं. मेसईदच्या किनाऱ्यावर ही पोर शुक्रवारी बादली घेऊन काय गोळा करत असते, ते मला खेळ वाटायचं. आपण तीन पिढ्या मासळीच्या वासापासून पळत इथवर आलो, आणि ही त्याच वासासाठी परत निघाली. तुझ्या घरी राहतात त्या पोरी कॉलेजच्या आहेत, आणि रविवारी येतात ते त्यांचे आईबाप. हे तिनं सांगितलं तेव्हा मी जहूरला मनात चार शिव्या घातल्या आणि मग त्या परत घेतल्या. त्यानं बरोबरच सांगितलं होतं. ऐकणारा नासका होता.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगत होता की मी सिक्स्थ फॉर्मला जाणार. जहूरअंकलला, कॅरिनाआंटीला, गार्डला सुद्धा. तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि आबिदाफुफी म्हणाली, त्याला सांगू नका, तो मुलीला विचारत नाही. तो परस्पर ठरवतो."

बरोबर म्हणालीस. अगदी तसंच केलं. तेव्हा न विचारता सही केली, आणि आता न विचारता अडवली. मी समजत होतो, या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत.

मग कळलं, चिपळूणच्या कॉलेजात सर्टिफिकेट एक जुलैच्या आत पोचवायचं होतं, आणि हा कागद पंधरा दिवस माझ्या खणात पडला होता. मी कुलूप उघडलं. सही करताना जिक्रानं कागद धरून ठेवला. कॅरिनानं आज सकाळी सर्टिफिकेट तयार केलं, हेडबाईंनी विमानाला जाता जाता सही केली. शाळेचा आजचा शेवटचा दिवस. दुपारी जहूरनं स्वतः कुरियरच्या ऑफिसात नेऊन दिलं.

पोचलं नाही तर त्याला कारण मी. दुसऱ्या कुणावर ढकलू नकोस, रमीजवरही नाही.

वली

दोहा,
शुक्रवार, ५ जुलै २००२

प्रिय आबिदा,

काल सकाळी शाळेत मी एकटाच होतो. सुट्टीत पुस्तकांची मोजणी असते, म्हणून स्टोअर चालू असतं, बाकी सगळी शाळा रिकामी. हेडबाई इंग्लंडात, कॅरिना वसईला. ऑफिसातलं फॅक्सचं मशीन आपणहून किरकिरलं. मला वाटलं बिघडलं. जाऊन बघतो तर तुझं अक्षर. अकरा वर्षांनी वरच्या रेघा अजून तशाच सरळ.

तू लिहिलंयस : "भाई, सर्टिफिकेट पोचलं. कारकून म्हणतो, मुलगी अकरावी करून आली, मग पुन्हा अकरावीला का घालता, नापास आहे काय. त्याला मी समजावून थकले. प्राचार्य भले आहेत. म्हणाले, तिकडच्या कुणा जाणत्या माणसाकडून लिहून आणा, मग बघू. शाळा बंद आहे असं रमीज म्हणतो. तू आहेस ना? मंगळवार शेवटचा. नीट लिही."

कारकुनावर रागावू नकोस. संशयखोराला संशयखोराची भाषा कळते. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच विचारलं असतं, वर पोरीचा कागद खणात ठेवला असता. पंधरा दिवस माझ्याकडे गेले नसते तर शाळेनं छापील पत्र दिलं असतं. आता मीच उरलोय. उद्या रमीज आणि जिक्रा निघतायत, त्यांच्या हाती हे देतो. खालचं प्राचार्यांना दाखव. इंग्रजीत लिहिता आलं असतं, पण माझं इंग्रजी पुस्तकांच्या पुठ्ठ्यापुरतं आहे, आणि कारकुनाला मराठीतच पटेल.

"माननीय प्राचार्य साहेब,

मी या शाळेचा मास्तर नाही. इथल्या पाठ्यपुस्तकांच्या स्टोअरचा माणूस आहे. पण इथलं कुठलं मूल कुठल्या वर्षी कुठलं पुस्तक वाचतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

या शाळेत मूल चार वर्षांचं असताना येतं. त्या वर्षाला नंबर नाही. पाच वर्षांचं झालं की 'पहिलं वर्ष'. आपल्याकडे त्या वयात मूल बालवाडीत असतं. इथली सगळी भानगड या पायरीपासून सुरू होते. आपली पहिली म्हणजे इथलं दुसरं वर्ष, आपली दुसरी म्हणजे तिसरं, आणि हा एकाचा फरक शेवटपर्यंत चालतो. पहिल्या ते सहाव्या वर्षापर्यंत प्राथमिक. सातव्यापासून मोठ्यांची शाळा, प्रत्येक विषयाला निराळा मास्तर. दहावं आणि अकरावं वर्ष मिळून एक मोठी परीक्षा, तिचे पेपर बाहेरून, विलायतेहून येतात आणि तपासायला तिकडेच जातात. ती परीक्षा म्हणजे आपली दहावी. त्यापुढे बारावं आणि तेरावं वर्ष, त्याला सिक्स्थ फॉर्म म्हणतात. तेच आपलं अकरावी-बारावीचं कॉलेज, फक्त ते शाळेच्याच फाटकाच्या आत असतं आणि युनिफॉर्म सुटत नाही.

म्हणून जिक्रा रमीज मुकादम अकरावं वर्ष करून आपल्या अकरावीला येते, यात ती एकही वर्ष मागे नाही. ती नापास नाही. कधीच नव्हती. दरवर्षी पुढच्या रॅकवरची पुस्तकं तिनं माझ्या हातून नेली, आणि वेळेवर परत केली. एकही पुस्तक तिच्याकडून येणं नाही. यंदा तसं एकदा लिहिलं गेलं, ते चुकीचं होतं आणि ती चूक माझी.

परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या शेवटी लागतो. तोवर तिला बसू द्यावं, ही विनंती. शाळेचा गोल शिक्का माझ्याकडे नाही. स्टोअरचा चौकोनी आहे, तो खाली मारतो. शंका असेल तर सप्टेंबरात शाळेला जरूर विचारावं. विचारलेलं बरं असतं."

एवढंच, आबिदा. या कागदावर तुला आणखी काही हवं असेल तर फॅक्स कर. मी मशीनजवळच मोजणी मांडलीये.

सही करायच्या आधी कागद जिक्राला वाचून दाखवला. ती माझ्या स्टुलावर, मी खाली खोक्यावर. तिनं दोन चुका काढल्या. एका जागी मी वर्ष चुकीचं मोजलं होतं, ते सुधारलं. दुसऱ्या जागी मी लिहिलं होतं, 'मुलगी शांत व आज्ञाधारक आहे.' ती म्हणाली, "ते काढा दादा. दॅट्स नॉट ट्रू. आणि त्यांनी विचारलं पण नाहीये." काढलं.

मग विचारलं, "करू सही?"

तिनं कागद माझ्या हातून घेतला, सगळा पुन्हा पहिल्यापासून वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवत, चांगली पाच-सात मिनिटं. मी थांबलो.

"यल्ला दादा, चला," ती म्हणाली. "करा."

वली